जुनं सिनेमाचं पोस्टर घ्यायचंय? आधी खालची कड बघा

“माळ्यावर ‘शोले’चं पोस्टर सापडलंय, किती येतील?” महिन्यातून एकदा तरी मला असा फोन येतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: छापलंय कधी? इथे समोरचा गोंधळतो. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ चा, मग पोस्टर पंचाहत्तरचंच असणार ना? नसतं हो. ‘शोले’ वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा थेटरात लागत राहिला, २०१४ साली थ्री-डीत आला, त्या त्या वेळी नवा कागद छापला गेला. शिवाय हॉटेलांच्या भिंतींसाठी त्याच्या नकला आजही निघतात. चित्र तेच, गब्बर तोच, पण एका कागदासाठी माणसं रांग लावतात आणि दुसऱ्यात भजी बांधून द्यावीत.

माझ्याकडे दीडशेच्या आसपास पोस्टरं आहेत. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत. आमच्या सौ. त्याला ‘कागदाची वखार’ म्हणतात. धंदा नाही, छंद आहे. पण या छंदात पैसे बुडवायला वेळ लागत नाही, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिलं काम: तीन महिने काहीही विकत घेऊ नका

नुसतं बघा. पेडर रोडला गुलशन महालात २०१९ साली सुरू झालेलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे एक अख्खा दिवस द्या. काचेच्या अलीकडूनच पण जुन्या कागदाचा रंग, शाईचा पोत डोळ्यात बसतो. लिलावांच्या याद्या बघा. मुंबईतल्या डिरिवाज अँड आइव्जसारख्या संस्था सिनेमाच्या जुन्या वस्तूंचे लिलाव करतात आणि त्यांच्या याद्या घरबसल्या चाळता येतात.

बघताना एक प्रश्न मनात ठेवा: हे आज कोण विकत घेतंय? भाव का चढतो-उतरतो, याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

एके काळी पोस्टर म्हणजे खळ लावून भिंतीला डकवायचा कागद. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमधून वितरक गठ्ठे रवाना करायचे, सिनेमा उतरला की उरलेलं रद्दीत जायचं. तेव्हा ते जपणारा माणूस घरच्यांच्या दृष्टीने वाया गेलेला. मग २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हिंदी सिनेमाच्या चित्रकलेवर मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच सुमारास मुंबईत ओशियान्स या लिलाव करणाऱ्या संस्थेने सिनेमाचा कागद गोळा करायला आणि लिलावात मांडायला सुरुवात केली. रद्दीच्या तागडीतला कागद एकदम ‘कला’ झाला. चोर बाजारातल्या दुकानदारांना हे कळायला फार दिवस लागले नाहीत. २००८ च्या मंदीत चित्रांचा बाजार बसला, तशी पोस्टरांतली हवाही जरा गेली.

त्यानंतर आल्या नकला. हॉटेलं, पब, इंटिरियर करणारे, सगळ्यांना भिंतीवर ‘रेट्रो’ हवं होतं. त्यांना ओरिजनलशी देणंघेणं नव्हतं, ₹३०० ची नकल पुरत होती. झालं काय, मधल्या दर्जाच्या खऱ्या पोस्टरांचं गिऱ्हाईकच गेलं. सजावटीसाठी घेणारा नकलेकडे वळला, संग्राहक फक्त उत्तम प्रतीला हात घालू लागला. वरचं वर गेलं, मधलं जागेवर बसलं. आज तुम्हाला कुणी म्हणालं की “जुन्या पोस्टरांचे भाव वाढतायत”, तर विचारा, कुठल्या?

दुसरी गोष्ट वयाची. सैगल, मोतीलाल यांच्या आठवणींवर पैसे टाकणारी पिढी आता फारशी उरली नाही. पन्नासच्या दशकातल्या मध्यम प्रतीच्या कौटुंबिक सिनेमांची पोस्टरं मी दहा वर्षांपूर्वी ज्या भावाला सोडून दिली, त्याच भावाला अजून तिथेच लटकलेली बघतो. ‘प्यासा’, ‘मदर इंडिया’, ‘मुघल-ए-आझम’ यांचं तसं होत नाही, कारण ते सिनेमे न बघितलेल्यालाही हवे असतात. सत्तरच्या दशकातल्या अमिताभला मागणी भक्कम, कारण तेव्हा शाळा बुडवून पहिला शो गाठणारी पोरं पुढे कमावती झाली. आणि आता नव्वदची पाळी आलीय. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ साली थेटरात चालला नाही, त्याचं पोस्टर तेव्हा कुणी फुकट घेतलं नसतं. आज चाळिशीतले आयटीवाले तेच शोधत येतात. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चं पोस्टरही तेच शोधतात. जुने सिनेमे नव्याने थेटरात लागू लागल्यापासून तर आणखीच. २०२२ साली अमिताभच्या ऐंशीव्या वाढदिवसाला फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचे जुने सिनेमे देशभरच्या थेटरांत लावले, तेव्हा महिनाभर माझा फोन वाजत होता. वाढदिवस सरला, फोन थांबले. म्हणून शताब्दी, पन्नाशी, पुनःप्रदर्शन अशा मुहूर्तावर घेऊ नका. विकायचं असेल तर मात्र तेव्हाच काढा.

परदेशातल्या आकड्यांनी डोकं फिरवून घेऊ नका. ‘मेट्रोपोलिस’चं पोस्टर २००५ साली ६,९०,००० डॉलरला गेलं, ‘ड्रॅक्युला’चं २०१७ साली ५,२५,८०० डॉलरला. हे आकडे चोर बाजारातही पाठ असतात आणि बोलणी सुरू झाली की ऐकवले जातात. ‘ड्रॅक्युला’च्या त्या पोस्टरच्या जगात दोनच प्रती माहीत आहेत, हे कुणी सांगत नाही.

काय गोळा करायचं ते ठरवा

सगळंच घेतो म्हणणाऱ्याकडे शेवटी काहीच नीट नसतं. एक नट, एक दशक, एक चित्रकार, काहीतरी एक धरा. मी चित्रकार धरून चाललो, आणि गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकंही तिकडेच वळताना दिसतात. पूर्वी विचारायचे, कुणाचा सिनेमा? आता विचारतात, काढलंय कुणी? कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९२० च्या दशकात स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं रंगवत होते. कोल्हापूरचेच जी. कांबळे, ज्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र सरकारी कचेऱ्यांत दिसतं, त्यांनी ‘मुघल-ए-आझम’ रंगवला. एस. एम. पंडितांचे चेहरे बघा, गालावर आतून दिवा लावल्यासारखा उजेड असतो. आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आलेले दिवाकर करकरे: ‘दीवार’मधला तो खरबरीत, सुरीने ओढल्यासारखा रंग त्यांचा. करकरेंनी केलेलं पोस्टर असेल तर पडेल सिनेमाचंही उचला, असं मी बिनधास्त सांगतो.

खिसा लहान असेल तर मराठी पोस्टरं घ्या. ‘पिंजरा’ (१९७२), दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). परदेशी गिऱ्हाइकाला त्यात रस नाही, म्हणून भाव अजून माणसात आहेत. पण हिंदीच्या मानाने ती कमी छापली गेली आणि त्याहून कमी टिकली. ‘बनवाबनवी’चं बरं पोस्टर आताशा सहज मिळत नाही. त्याहून स्वस्तात सुरुवात करायची तर गाण्यांच्या पुस्तिका आणि थेटरच्या काचेत लावायचे फोटो सेट. पुस्तिका घरात जागा खात नाही. हा मुद्दा घरी पटवून द्यायला बरा.

चोर बाजार

मटन स्ट्रीट. सँडहर्स्ट रोडला उतरा किंवा ग्रँट रोडला पूर्वेकडे, दोन्हीकडून चालत जाता येतं. शुक्रवारी जाऊ नका, ही पक्की दुकानं त्या दिवशी बंद असतात. जुम्याला रस्त्यावर जो बाजार भरतो तो वेगळाच, तिथे पान्हे आणि मिक्सरचे पार्ट मिळतील. सकाळी अकराच्या पुढे जा. गळ्यात कॅमेरा आणि अंगावर ऑफिसचे कपडे नकोत. पिशवीत चार वस्तू हव्यात: मोजपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, नोटा तपासायची निळी-जांभळी टॉर्च आणि स्वच्छ रुमाल. हात पुसल्याशिवाय कागदाला लावू नका. दुकानदार ते बघत असतो आणि त्यावरून तुमची इयत्ता ठरवतो.

पोस्टरची सर्वसाधारण पूर्ण मापं ३० × ४० इंच, निम्मी २० × ३०. याहून मोठी अनेक तुकड्यांत छापून भिंतीवर जोडायची असत. एखादं २३ × ३३ वगैरे भरलं, म्हणजे हल्लीच्या ए-वन कागदाचं माप निघालं, तर तिथेच थांबा.

तपासणी: इथे घाई करू नका

आधी बोट, मग डोळा. जुनी पोस्टरं घडी घालूनच थेटरला जायची, त्यामुळे घडीच्या रेघा असणं हा दोष नाही, ओळख आहे. डोळे मिटून त्या रेघेवरून बोट फिरवा. खरी घडी बोटाला लागते, तिथला कागद पिंजलेला असतो. नकला घडी पडलेल्या जुन्या पोस्टरचा फोटो काढून छापतात, त्यामुळे घडीची रेघ चित्रात असते पण हाताला कागद सपाट लागतो. ही एक युक्ती कळली तरी निम्म्या नकला दुकानातच राहतील.

मग भिंग. सत्तरच्या दशकापर्यंतची बहुतेक पोस्टरं लिथोची. चित्रकाराचं मूळ चित्र बघून कारागीर प्रत्येक रंगाची वेगळी पत्र्याची प्लेट हाताने काढायचा. भिंगाखाली त्यात खडूने घासल्यासारखे ओबडधोबड दाणे दिसतात, रंगावर रंग चढलेला दिसतो, कुठे निळा लाल सोडून अर्धा सूत सरकलेला असतो. नंतरच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे फोटोवरून प्लेट बनवून केलेल्या छपाईत, एकसारखे ठिपके, फुलासारख्या नक्षीत रचलेले. घरगुती प्रिंटरवरच्या नकलेत नक्षीही नसते, नुसता फवारा. आता नीट लक्षात घ्या: ऑफसेट म्हणजे खोटं, असं नाही. ऐंशी-नव्वदची खरी पोस्टरं ऑफसेटचीच आहेत. पण ‘प्यासा’च्या १९५७ च्या पोस्टरमध्ये सगळीकडे ठिपक्यांची नक्षी दिसली, तर ते १९५७ चं नाही.

निळी-जांभळी टॉर्च अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन कागदावर मारा. आजच्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, तो निळसर पांढरा पेटतो. १९५० च्या आधीचा कागद मंद, पिवळट राहतो.

आणि खालची कड. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. कडेला बारीक अक्षरांत प्रेसचं नाव, वितरकाचा पत्ता असतो. ताडदेवच्या बोल्टन फाइन आर्ट लिथो वर्क्ससारखी नावं भेटतील. भारतात सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी ‘बॉम्बे-४’, ‘बॉम्बे-७’ असं लिहायचे. तेव्हा १९५७ च्या सिनेमाच्या पोस्टरवर ‘बॉम्बे ४०० ००४’ असेल तर ते बहात्तरनंतरचंच, पुन्हा लागलेल्या खेपेचं. इंग्रजीत ‘मुंबई’ छापलं असेल तर १९९५ नंतरचं.

हे ज्ञान मला ₹८,००० ला पडलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ‘मदर इंडिया’चं एक पूर्ण मापाचं पोस्टर मिळालं, लिथोचं, रंग असे की नजर हटेना. खालची कड बोटभर कापलेली.

“चाचा, ये नीचे से कटा हुआ है?”

“चूहे ने खाया, साब. पुराना माल है, चूहे भी तो पुराने थे.”

मी हसलो आणि पैसे मोजले. तीन वर्षांनी एका स्नेह्याकडे हेच पोस्टर कडेसकट बघितलं. खाली पिनकोड होता. माझ्या प्रतीची कड भिंगाखाली धरली: सरळ रेष, कात्रीची. उंदीर इतकं सरळ कुरतडत नाही. पोस्टर अजून माझ्याकडे आहे, चित्र सुंदरच आहे. पण तेव्हापासून कड नसलेला कागद मी पुनर्मुद्रणाच्या भावानेच मागतो, विक्रेता कितीही शपथा घेवो.

पुन्हा लागलेल्या खेपेचं पोस्टर वाईट नसतं, फक्त भाव वेगळा असतो. ‘मुघल-ए-आझम’बाबत जास्त जपा: १९६० चा हा सिनेमा २००४ साली रंगीत करून पुन्हा आला, त्या वेळचा कागदही आता वीस वर्षांचा होऊन थोडा पिवळटलाय. उलट पडलेल्या सिनेमांत हा घोळ कमी, कारण ते पुन्हा कुणी लावलेच नाहीत.

‘हाताने रंगवलेलं’ म्हणून जे कॅनव्हास पर्यटकांना दाखवतात, ती आजची चित्रं आहेत. आवडलं तर घ्या, जुनं समजून घेऊ नका.

भाव

लावलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर. इंटरनेटवर कुणी ₹७५,००० मागतोय म्हणून तो भाव होत नाही; विकलं गेलेलं तेवढंच बघा. लिलावातला आकडा बघताना वर खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन आणि जीएसटी धरलाय की नाही ते तपासा, नाहीतर हातोडा पडल्यावर घाम फुटतो.

मी एका वहीत दर पोस्टरला चार गोष्टी लिहितो: पहिल्या खेपेचं की नंतरचं, कड शाबूत की नाही, चेहऱ्यावर फाटलंय का, आणि मागे काय चिकटलंय. चेहऱ्यावरची फाट आकाशावरच्या फाटीपेक्षा कितीतरी महाग पडते. मागे सेलोटेप असेल तर भाव निम्म्यावर आणा, कारण तो डाग पुढच्या बाजूला उमटतोच. लॅमिनेट केलेलं असेल तर नमस्कार करून पुढे जा.

घासाघीस करताना मालाला नावं ठेवू नका. “लास्ट कितना?” हे एकदाच विचारायचं, आणि विचारलं की घ्यायची तयारी हवी. दोन-तीन मिळून घेतली की भाव उतरतो. एकाच दुकानात वर्षभर जात राहिलात, छोटं-मोठं घेत राहिलात, तर एके दिवशी दुकानदार मागच्या ट्रंकेतलं काढतो. खरं पोस्टर तिथेच असतं, दारावर लटकवलेलं नव्हे. आणि बिल मागा. साध्या पावतीवर सिनेमाचं नाव, माप आणि ‘ओरिजनल’ की ‘रिप्रिंट’ एवढं लिहून घ्या. ‘ओरिजनल’ लिहायला जो कां-कूं करतो, त्याने उत्तर दिलेलंच आहे.

घरी आणल्यावर

घडी होती तशीच ठेवून आणा, लोकलमध्ये गुंडाळी चेपते. घरी आल्यावर आठवडाभर वेगळं ठेवा. कसर असेल तर आधीच्या कागदांना लागायला नको.

मुंबईचा पावसाळा हा या छंदाचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर मी गुंडाळून ठेवलेल्या पोस्टरांचं एकही नळकांडं उघडत नाही. शक्य असेल तर पोस्टर आम्लरहित कागदात सपाट ठेवा, जमिनीपासून वर, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर अजिबात नको. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका. डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी सगळं बाहेर काढून वारा द्या; आमच्याकडे त्या दिवशी जेवण गॅलरीत असतं.

फ्रेम करायची तर काच आणि कागद यांत फट हवी. एका फ्रेमवाल्याने माझं एक पोस्टर ‘सरळ बसावं’ म्हणून प्लायवर गोंदाने चिकटवून दिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात प्लाय फुगलं, कागद फुगला, नायिकेच्या कपाळावर बुरशीचा हिरवा टिळा. तेव्हापासून फ्रेमवाल्याला मी लिहून देतो: चिकटवायचं नाही, कापायचं नाही. फाटलेलं जोडायला तांदळाची खळ आणि उत्साह पुरत नाही. कागदाचं संवर्धन शिकलेल्या माणसाकडे जा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते. खर्च पोस्टरच्या किमतीपेक्षा जास्त निघाला, तर फाट तशीच राहू द्या.

विकताना

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुन्या वस्तू येतात, आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक मूल्य असलेल्या कागदपत्रांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. अशा गोष्टी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तेव्हा प्रभातच्या काळातलं पोस्टर परदेशी गिऱ्हाइकाला कुरियर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. पोस्टर तुमचं झालं म्हणून चित्राचा हक्क तुमचा होत नाही, टी-शर्ट छापायला जाऊ नका.

बाकी गिऱ्हाईक भेटतंच. परवा एक मुलगी आली होती, तिशीची असेल. तिला ‘बनवाबनवी’ हवं होतं, वडिलांच्या साठीला द्यायला. मी माझ्या दोन प्रतींपैकी साधी दाखवली. तिने पिशवीतून भिंग काढलं, पोस्टर उलटं केलं, मागचा टेपचा डाग मला दाखवला आणि विचारलं, “काका, लास्ट किती?”